टॅबवर ऑफिसचं काम करायचंय? ॲप शोधण्याआधी फाइलचा प्रवास बघा

टॅबवर काम करायला कुठलं ऑफिस ॲप चांगलं असं कोणी विचारलं की लगेच तीन-चार नावं पुढे येतात, वर्ड, गूगल डॉक्स, पेजेस, डब्ल्यूपीएस, आणि विचारणारा त्यातलं जास्त रेटिंगचं एक उतरवून घेतो आणि कामाला लागतो. मला वाटतं सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. आधी बघायचं ते हे की तुमच्याकडे फाइल कोणाकडून येते, तुमचं काम झाल्यावर ती कोणाकडे जाते, आणि मधल्या काळात ती राहते कुठे. एवढं नक्की झालं की ॲप बहुतेक वेळा आपोआप ठरतं, आणि मुख्य म्हणजे नंतर "माझ्याकडे तर बरोबर दिसत होतं" असं कोणाला सांगायची वेळ येत नाही.

ते "बरोबर दिसणं" म्हणजे नेमकं काय ते आधी समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

वर्डची जी आजची फाइल आहे, डॉकएक्स, ती ऑफिस २००७ पासून आली. ती खरं तर एक झिप फाइल आहे. कॉम्प्युटरवर एखाद्या डॉकएक्स फाइलची कॉपी करा, तिच्या नावाचं शेवटचं टोक बदलून झिप करा आणि उघडा, आत फोल्डर दिसतील, एका ठिकाणी सगळा मजकूर, दुसरीकडे चित्रं, आणखी एकीकडे स्टाइलची माहिती. ह्या सगळ्यात तयार पान कुठेच नसतं. "इथे हेडिंग, हा फॉन्ट, एवढा साइझ, इथे टेबल, त्याला एवढ्या कॉलम" अशा सूचना असतात फक्त. पान तयार होतं ते तुम्ही फाइल उघडता तेव्हा, आणि ते तयार करतं तुमच्यासमोरचं ॲप. म्हणजे वर्डने त्या सूचना वाचून एक पान मांडलं, गूगल डॉक्सने तेच वाचून दुसरं मांडलं, पेजेसने तिसरं. हा फॉरमॅट उघड स्टँडर्ड आहे, २००६ मध्ये एक्मा ह्या संस्थेने आणि २००८ मध्ये आयएसओने तो मान्य केला, पण त्याचं वर्णनच सहा हजारांहून जास्त पानांचं आहे, त्यामुळे वर्ड जसं पान मांडतं तसंच्या तसं दुसरं ॲप शंभर टक्के मांडेल असं होत नाही. साधं पत्र, साधा रिपोर्ट असेल तर फरक कळणारही नाही. तळटीपा, टेबलच्या आत टेबल, चित्राभोवती वळवलेला मजकूर, आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका, असं काही आलं की मग पान हलायला लागतं.

पीडीएफ नेमकं ह्याच्या उलट. ॲडोबीने १९९३ मध्ये ते आणलं तेच ह्यासाठी की कुठेही उघडलं तरी पान सारखंच दिसावं. त्यात प्रत्येक अक्षर पानावर कुठे बसणार ती जागा लिहिलेली असते आणि फॉन्टही सहसा आतच भरलेला असतो. म्हणून ते हलत नाही, आणि म्हणूनच ते एडिट करणं त्रासाचं असतं, कारण परिच्छेद, ओळ असं काही त्याला नीटसं माहीतच नसतं. त्यामुळे "पीडीएफ एडिटर" म्हणून जे ॲप विकत घ्यायला लोक धावतात त्यांना बहुतेक वेळा खरी गरज असते ती फक्त खुणा करायची, सही करायची, फॉर्म भरायची किंवा पानं पुढे-मागे करायची, आणि ही कामं साध्या, बऱ्याचदा फुकटच्या ॲपमध्ये होतात. मजकूरच बदलायचा असेल तर मूळ फाइल मागून घ्या, तो रस्ता कायम जवळचा.

आता फॉन्ट. समजा कॉम्प्युटरवर कोणी कॅलिब्री फॉन्टमध्ये चार पानांचं पत्र केलं आणि तुमच्या टॅबवरच्या ॲपकडे कॅलिब्री नाहीये, तर ॲप गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं. त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी, मग ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, चार पानांची साडेचार होतात, सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. ह्यावर उपाय म्हणून कार्लिटो नावाचा फॉन्ट मुद्दाम असा बनवलाय की त्याची रुंदी कॅलिब्रीइतकीच आहे, तसेच एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी चालणारे लिबरेशन फॉन्ट आहेत, आणि काही ॲप ते आतून वापरतात.

देवनागरीत ही अडचण जास्त जाणवते. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, ॲपलच्या टॅबवर कोहिनूर देवनागरी, बऱ्याच अँड्रॉइड टॅबवर नोटो सॅन्स देवनागरी, म्हणजे एकच मराठी पत्र तीन ठिकाणी तीन फॉन्टमध्ये, आणि मात्रा-वेलांट्यांमुळे ओळीची उंचीही बदलते. आणि फाइल जर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर टॅबवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो, कारण आत खरोखरच इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट फक्त त्यांचा चेहरा बदलत असतो. तिथे ॲप बदलून काहीही होणार नाही, मजकूर युनिकोडमध्ये करून घेणं हाच मार्ग, आणि ते कॉम्प्युटरवरच उरकून घेतलेलं बरं. आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवर बाहेरचे फॉन्ट ॲपमधून बसवता येतात, त्यामुळे ज्यांना ठराविकच फॉन्ट लागतो त्यांनी आधी तो बसवावा आणि मग आपलं लिहायचं ॲप तो दाखवतं का ते बघावं.

म्हणून माझं सांगणं असं की ॲप निवडताना कोऱ्या पानावर चार ओळी टाइप करून "छान आहे" असं ठरवू नका, कोऱ्या पानावर सगळीच ॲप छान असतात. तुमच्याकडची सगळ्यात किचकट फाइल घ्या, जिच्यात टेबल आहेत, हेडर-फुटर आहे, कोणाच्या कॉमेंट आहेत, ट्रॅक चेंजेस (कोणी काय बदललं ते दाखवणारी सोय) चालू आहे, मराठी-इंग्रजी मिसळलेलं आहे. तिची कॉपी करा, टॅबवर त्या ॲपमध्ये उघडा, दोन-तीन ठिकाणी खरा बदल करा, एक कॉमेंट टाका, सेव्ह करा आणि परत कॉम्प्युटरवर मूळ प्रोग्रॅममध्ये उघडून मूळ फाइलशेजारी ठेवून बघा. काय हललं, काय गायब झालं, कॉमेंट कोणाच्या नावाने आली. हे जाऊन-येऊन बघणं महत्त्वाचं, कारण काही ॲप फाइल दाखवतात अगदी बरोबर पण सेव्ह करताना त्यांना न समजणारा भाग गाळून टाकतात, आणि ते टॅबवर कधीच दिसत नाही, समोरच्या माणसाला दिसतं.

ह्या कसोटीवर मी कसं ठरवेन ते सांगतो. समोरची सगळी मंडळी वर्ड-एक्सेलमध्ये काम करत असतील आणि फाइल दहा वेळा इकडून तिकडे जाणार असेल तर टॅबवरही मायक्रोसॉफ्टचीच ॲप, त्यात फार डोकं लावू नये. टीममध्ये तिघं-चौघं एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करतात आणि शेवटी छापायचं वगैरे नसतं, तर गूगल डॉक्स आणि शीट्स. एकट्यानेच लिहायचं आणि शेवटी पीडीएफ पाठवायचं असेल तर आयपॅडवर पेजेस खरंच सुंदर आहे. पेजेस, नंबर्स, कीनोट ह्या तिन्ही ॲपच्या आयपॅडसाठीच्या आवृत्त्या २०१० मध्ये पहिल्या आयपॅडबरोबरच आल्या, म्हणजे त्या टॅबच्या स्क्रीनसाठी पहिल्यापासून घडवलेल्या आहेत, आणि ते वापरताना कळतं. फक्त पेजेसची स्वतःची फाइल वर्ड उघडू शकत नाही, दरवेळी एक्स्पोर्ट करावं लागतं, हे लक्षात ठेवूनच त्यात शिरायचं. आणि ज्यांना कॉम्प्युटरवरच्या फुकट लिब्रेऑफिसची सवय आहे, त्याच्या ओडीटी फाइल लागतात, त्यांच्यासाठी कोलॅबोरा ऑफिस आहे, तेच इंजिन, फुकट, अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हीवर. दिसायला थोडं रुक्ष आहे पण फाइलशी प्रामाणिक आहे.

आता एक मोठा गैरसमज. टॅबवरचं वर्ड म्हणजे कॉम्प्युटरवरचंच वर्ड असं लोक धरून चालतात, नाव तेच, आयकॉन तोच. पण ते वेगळं, छाटलेलं ॲप आहे. मायक्रोसॉफ्टने आयपॅडसाठी ऑफिस आणलं ते मार्च २०१४ मध्ये, म्हणजे आयपॅड आल्यावर चार वर्षांनी, आणि रोजच्या कामातलं बहुतेक सगळं त्यात आहे, पण एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे तीच तीच कामं आपोआप करून घ्यायला लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, टॅबवर चालत नाहीत. ना आयपॅडवर, ना अँड्रॉइडवर. बटण दिसेल, दाबलं तर काही होणार नाही. ज्यांच्या ऑफिसात पगारपत्रक किंवा स्टॉकची शीट मॅक्रोवर चालते त्यांनी हे आधीच समजून घ्यावं. गूगल शीट्सचंही तसंच आहे, कोणी ॲप्स स्क्रिप्टने (गूगलची तशीच प्रोग्रॅम लिहायची सोय) स्वतःचे मेनू बनवले असतील तर ते मोबाइल ॲपमध्ये दिसत नाहीत. अशा वेळी टॅबवरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तेवढं काम करणं हा सरळ उपाय आहे, टॅब तिथे फक्त पडदा आणि कीबोर्ड म्हणून वापरला जातो. इंटरनेट चांगलं हवं, बाकी काही अडत नाही.

आणि फुकट-विकतची भानगड, जी फार कमी लोकांना माहीत असते. मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲपमध्ये फुकट एडिटिंगचा नियम स्क्रीनच्या मापावर आहे. १०.१ इंच किंवा त्याहून लहान स्क्रीन असेल तर घरगुती वापरासाठी साधं एडिटिंग फुकट, त्याहून मोठी असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं, नाहीतर फाइल फक्त वाचता येते. आजचे बहुतेक मोठे टॅब ह्या मापाच्या वरच आहेत, त्यामुळे फोनवर जे फुकट चालत होतं ते नव्या टॅबवर का चालत नाही म्हणून लोक गोंधळतात, ॲप काढून परत टाकतात, काही उपयोग होत नाही. सबस्क्रिप्शन घ्यायचं नसेल तर ब्राउझरमधून वेबवरचं वर्ड उघडून बघा, त्याला फक्त मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं.

हा ब्राउझरचा रस्ता लोक विसरतात आणि मला तो फार कामाचा वाटतो. २०१९ मध्ये आयपॅडओएस आल्यापासून आयपॅडची सफारी वेबसाइटचं कॉम्प्युटरवरचं रूप मागवते, अँड्रॉइडवर क्रोममध्ये "डेस्कटॉप साइट" हा पर्याय आहे. ॲपमध्ये नसलेली पुष्कळ फीचर वेबवर असतात. तोटे दोन, एक म्हणजे इंटरनेटशिवाय सहसा काही नाही, दुसरं म्हणजे बटणं माउससाठी बनवलेली असल्यामुळे बोटाने दाबताना चुका होतात, म्हणून कीबोर्ड-ट्रॅकपॅड असेल तरच हे सुखाचं.

आता फाइल राहते कुठे, ह्याकडे येऊ. माझ्या मते टॅबवर काम वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, ॲप चुकीचं निवडलं हे नाही.

कॉम्प्युटरवर फाइल एका फोल्डरमध्ये असते आणि कुठलाही प्रोग्रॅम तीच फाइल उघडतो. टॅबवर प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहतं, दुसऱ्याच्या खोलीत त्याला परस्पर जाता येत नाही. सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे. पण त्यामुळे जेव्हा तुम्ही मेलमधलं अटॅचमेंट एखाद्या ॲपकडे पाठवता तेव्हा बहुतेक वेळा त्या ॲपच्या खोलीत एक कॉपी तयार होते. तुम्ही त्या कॉपीत तासभर काम करता, मग मेलवर जाऊन तेच अटॅचमेंट पुढे पाठवता, आणि जाते ती जुनी फाइल. किंवा एकाच बजेटच्या पाच फाइल होतात, प्रत्येकीत थोडं थोडं काम. आयपॅडवर २०१७ मध्ये फाइल्स ॲप आलं तेव्हापासून ह्याला नीट उत्तर आहे, फाइल एका ठरलेल्या जागी ठेवायची, मग ती आयक्लाउड असो, वनड्राइव्ह असो, गूगल ड्राइव्ह असो, आणि ॲपच्या आतून "ओपन" करून तिथूनच उघडायची, म्हणजे मूळ फाइलवरच काम होतं. अँड्रॉइडवरही तशीच सोय आहे. म्हणून ॲप बघताना हे जरूर तपासा की ते तुमच्या ठरलेल्या क्लाउडमधली फाइल तिथल्या तिथे उघडून तिथेच सेव्ह करतं का, की आधी स्वतःकडे "इम्पोर्ट" करायला लावतं. इम्पोर्ट करायला लावणाऱ्या ॲपपासून मी शक्यतो लांब राहायला सांगेन, एखादं खास कारण असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे बॅकग्राउंड. टॅब बॅटरी वाचवण्यासाठी मागे गेलेलं ॲप काही वेळाने गोठवतो. तुम्ही मोठं प्रेझेंटेशन सेव्ह केलं, ते क्लाउडवर चढायला लागलं, आणि तुम्ही लगेच दुसऱ्या ॲपमध्ये गेलात किंवा स्क्रीन बंद केली, तर ते चढणं अर्ध्यात थांबू शकतं. तुम्हाला वाटतं सेव्ह झालं, आणि झालंही आहे, पण टॅबवर, क्लाउडवर नाही. मग कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडून कोणी त्यात बदल केले की दोन वेगळ्या आवृत्त्या तयार, त्या हाताने जुळवत बसा. काम संपल्यावर सिंकचं चिन्ह पूर्ण होईपर्यंत ॲप समोर उघडं ठेवायचं, ही एवढीशी सवय फार मनस्ताप वाचवते.

तिसरं, ऑफलाइन. क्लाउडमध्ये फाइल दिसते म्हणजे ती टॅबवर आहे असं नाही, बऱ्याचदा तिथे फक्त नाव दिसत असतं. गूगल डॉक्समध्ये फाइलच्या मेनूतून "ऑफलाइन उपलब्ध" चालू करावं लागतं, वनड्राइव्हमध्येही तशीच सोय आहे. प्रवासाला निघण्याआधी विमान मोड लावून एकदा फाइल उघडून बघा, उघडली तर खरी. आणि गूगल डॉक्सची स्वतःची जी डॉक असते ती तुमच्या हातात असलेली फाइल नसतेच मुळी, मजकूर गूगलच्या सर्व्हरवर असतो आणि तुमच्याकडे त्याचा पत्ता. डाउनलोड करता तेव्हा तिचं डॉकएक्स किंवा पीडीएफमध्ये रूपांतर होऊन मिळतं. त्यात वाईट काही नाही, पण वर्षानुवर्षं ठेवायच्या कागदांची अधूनमधून डाउनलोड केलेली कॉपी आपल्याकडे असावी.

नोट्सच्या ॲपमध्ये हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. डॉकएक्स निदान दुसरीकडे उघडतं तरी, नोट्सचा मात्र सगळ्यांना चालेल असा एकच फॉरमॅट नाहीये. पेनने लिहिलेली वही एका ॲपमधून दुसऱ्यात न्यायची तर सहसा पीडीएफ करूनच नेता येते, आणि मग अक्षरं दिसतात पण ती खोडून परत लिहिता येत नाहीत. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याला ५० नोट्स आणि एकाच नोटबुकची मर्यादा घातली, तेव्हा अनेकांनी आपल्या नोट्स दुसरीकडे हलवल्या. नोटॅबिलिटी एकदाच पैसे भरून मिळायचं, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये सबस्क्रिप्शनवर गेलं आणि लोक चिडल्यावर जुन्या ग्राहकांना सवलत द्यावी लागली. वंडरलिस्ट नावाचं कामांच्या यादीचं ॲप लोकांचं फार लाडकं होतं, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. ही नावं घाबरवायला सांगत नाहीये, कंपन्यांना आपले निर्णय घ्यावेच लागतात. पण आपल्या पाच वर्षांच्या नोट्स त्या निर्णयावर टांगलेल्या नसाव्यात. म्हणून नोट्सचं ॲप घेताना पहिल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन "सगळं एक्स्पोर्ट" कुठे आहे ते शोधा, दोन-चार नोट्सवर करून बघा, बाहेर काय पडतं ते उघडा. फक्त टाइप केलेल्याच नोट्स असतील तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिणारं ऑब्सिडियनसारखं ॲप मला सगळ्यात निर्धास्त वाटतं, कारण ॲप उद्या गायब झालं तरी फोल्डरमध्ये वाचता येणाऱ्या फाइल राहतातच. हाताने लिहिणाऱ्यांनी अजून एक बघावं, ॲप आपल्या हस्ताक्षरात शोध घेतं का, आणि मराठी लिहिलेलं त्याला ओळखता येतं का. जाहिरातीत इंग्रजीच दाखवतात, तुम्ही स्वतःच्या अक्षरात जोडाक्षरं लिहून शोधून बघा.

स्कॅनिंगसाठी वेगळं ॲप घ्यायची गरज बहुतेकांना नाहीच, आयपॅडच्या नोट्समध्ये आणि अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये ते आधीच आहे. सही केलेले कागद, ओळखपत्रं ह्यातून जातात, तेव्हा जितकी कमी अनोळखी ॲप तितकं बरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड ॲपमध्ये जाहिरातींच्या एका भागातून घातक कोड आल्याचं कॅस्परस्की ह्या अँटीव्हायरस कंपनीच्या तज्ज्ञांना सापडलं होतं, गूगलने ते काही दिवस स्टोअरवरून काढलं, मग सुधारून परत आलं. मेल आणि कॅलेंडरचं म्हणाल तर टॅबबरोबर येणारी ॲप पुरतात, त्यात वेळ घालवू नका.

राहिली ती स्क्रीन. ऑफिसचं काम म्हणजे एकीकडे मेल, दुसरीकडे डॉक्युमेंट, आणि ते शेजारी-शेजारी दिसायला हवं. आयपॅडवर २०१५ पासून दोन ॲप शेजारी लावता येतात, अँड्रॉइडवर २०१६ च्या नूगापासून, आणि सॅमसंगच्या काही टॅबवर डेक्समुळे कॉम्प्युटरसारख्या खिडक्या मिळतात. पण प्रत्येक ॲप ह्यात नीट वागतंच असं नाही, अँड्रॉइडवर तर अजून पुष्कळ ॲप फोनसाठी बनवून टॅबवर नुसती ताणलेली असतात. तेव्हा नवं ॲप आधी अर्ध्या स्क्रीनवर लावून बघा, टूलबार सगळा दिसतो का, शेजारच्या ॲपमधून चित्र बोटाने ओढून आत टाकता येतं का. एकाच ॲपच्या दोन खिडक्या उघडतात का हेही बघा, म्हणजे जुना रिपोर्ट डावीकडे ठेवून नवा उजवीकडे लिहिता येतो, लिखाणाचं काम करणाऱ्यांना ह्याची किंमत लगेच कळेल. आणि कीबोर्ड जोडणार असाल तर शॉर्टकट. आयपॅडवर कमांडचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की त्या ॲपचे शॉर्टकट समोर येतात. ती यादी दोन-चार ओळींतच संपली, तर ते ॲप बोटांसाठी बनवलंय असं समजा आणि दिवसभराच्या टायपिंगसाठी दुसरं बघा.